मात्सुएची काळी माशी

वरच्या गरम झऱ्याच्या सराईत उतरणाऱ्या शहरी पाहुण्यांमध्ये तोकुजीच्या माशीचा बोलबाला होता. ती म्हणजे मासा फसवायचं बांधलेलं आमिष: गळाच्या दांडीवर गुंडाळलेली नेच्याच्या कोवळ्या कोंबाची तांबूस लव आणि डोक्यापाशी उलटं बसवलेलं कोंबड्याचं पीस. हातात घेऊन बघणाऱ्याला ती ना धड माशी वाटे, ना धड किडा. पण नदीतल्या इवानाला, म्हणजे तिकडच्या ठिपकेदार डोंगरी ट्राउटला, ती पटायची. पाहुणे पट्टीच्या माणसाला शोभेल अशा थाटात एकमेकांना ती दाखवत, कोणीकोणी दोन-चार विकत घेऊन नागोयाला नेत.

फक्त ती माशी तोकुजी बांधत नसे. त्याची बायको मात्सुए बांधायची.

एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन या दरीत आली, तेव्हा माश्या बांधायचं काम सासऱ्यांकडे होतं. म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी तिला आगटीपाशी बोलावलं, तिची बोटं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "ही चालतील." मग त्यांनी तिला गळ चिमटीत धरायला शिकवलं, दोऱ्याचं टोक दातात पकडायला शिकवलं, पिसाचे किती वेढे म्हणजे पुरे आणि किती म्हणजे फाजील तेही शिकवलं. तोकुजीला त्यांनी आधी शिकवून पाहिलं होतं. त्याच्या हातात गळ म्हणजे लोहाराच्या हातात नाकातली चमकी. म्हातारे गेले आणि काम तिच्याकडेच राहिलं.

हे लपवायचं असं कधी कुणी ठरवलं नव्हतं. कुणी माशीची तारीफ केली की तोकुजी मान खाजवत म्हणे, "जमतं आपलं." त्यात खोटं असं काही नव्हतं, खरंही नव्हतं. मात्सुए हिवाळ्याचे चार महिने सराईच्या स्वयंपाकघरात कामाला असायची. एकदा पडद्यापलीकडून तिनं स्वतःच्या कानांनी ते "जमतं आपलं" ऐकलं. त्यानंतर दोन दिवस घरातल्या रस्स्यात मीठ जास्त पडलं. तोकुजीनं मुकाट्यानं खाल्लं. कारण त्याला समजलं की नाही, देव जाणे.

एकोणीसशे त्रेसष्टच्या हिवाळ्यात त्या भागात न भूतो असा बर्फ पडला. जानेवारीत घरांचे दरवाजे गाडले गेले, लोक वरच्या खिडकीतून ये-जा करू लागले. छपरं मोडतील म्हणून जो तो फावडं घेऊन छपरावर. तोकुजी तीन दिवस आपलं छप्पर उपसत होता, चौथ्या दिवशी शेजारच्या ओशिमेचं उपसायला गेला आणि बर्फाच्या कड्यासकट खाली आला. खाली बर्फच होता, पण त्या बर्फात सरपणाची मोळी होती. उजवं खुब्याचं हाड मोडलं. रस्ता बंद. सहा जणांनी त्याला घसरगाडीवर बांधून खालच्या गावापर्यंत ओढत नेलं, तिथून पुढं शहरातल्या दवाखान्यात. चाळीस दिवसांनी तो परत आला तेव्हा पाय सरळ होता, पण वाकत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काठी घेऊन घरात चालता येईल, रस्त्यावर चालता येईल. नदीतल्या दगडांवर नाही.

तोकुजी बावन्न वर्षांचा होता. बाराव्या वर्षापासून त्यानं नदीशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. घरी आल्यावर तो आगटीच्या एका बाजूला पाय पसरून बसला आणि राखेत चिमट्यानं रेघा ओढू लागला. विचारलेल्याला उत्तर द्यायचा. आपण होऊन बोलायचा नाही.

फेब्रुवारी संपता संपता सराईच्या मालकीणबाईंनी मात्सुएला बाजूला बोलावलं. शिझुनोबाई जिभेनं गोड आणि कामात चोख होत्या.

"मात्सुए, मार्चमधल्या विषुवदिनाच्या सुट्टीला ती नागोयाची मंडळी यायची आहेत. दरवर्षीची. बारा जण."

"हो."

"एप्रिलपर्यंत आपल्याकडे मासा नसतो हे त्यांना ठाऊक आहे, पण दोन-चार तरी तोकुजीसान आणायचे. या खेपेला..." बाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. "खालच्या गावात तळ्यात ट्राउट पाळलेत. तळेवाला दोनदा येऊन गेला. म्हणतो, बारा महिने पुरवीन, सगळे एका मापाचे."

मात्सुएनं हातातला सुरा पुसला. तळ्यातला मासा एकदा स्वयंपाकघरात शिरला की बाहेर जाणार नाही हे तिला उमगलं. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "मासे येतील, मालकीणबाई."

"कोण आणणार?"

"येतील," ती म्हणाली, आणि पुढच्या मुळ्याला हात घातला.

घरी येईपर्यंत तिला स्वतःचीच धास्ती वाटू लागली होती. जेवताना तिनं तोकुजीला सांगितलं. त्यानं वाटीतून डोकं वर केलं.

"कोण आणणार?"

"मी."

तोकुजी हसला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच हसला, म्हणून तिनं ते हसणं सहन केलं.

"अगं, मार्चमध्ये मलाच मिळत नाहीत. पाणी कसं असतं ठाऊक आहे का? मासा तळाला धोंड्यासारखा पडलेला असतो. डोक्यावरनं माशी गेली तरी बुबुळ हलवत नाही."

"तुमची माशी मोठी असते. उन्हाळ्याची."

"तूच तर बांधतेस ती."

"तुम्ही सांगता तशी बांधते."

मात्सुएनं मग कितीतरी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट सांगितली. मार्चमध्ये तो जे दोन-चार मासे आणायचा ते साफ करायला तिच्याकडेच यायचे. उन्हाळ्यातल्या माशाच्या पोटात टोळ, मुंग्या, पाखरं, काय वाटेल ते असे. मार्चमधल्या माशाच्या पोटात एकच गोष्ट असायची, बारीक काळे किडे. उन्हं पडली की बर्फावरून तुरुतुरु चालताना दिसतात ना, बिनपंखांचे, तेच. मूठभर असायचे.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. पोरगी पाच वर्षांची होती तेव्हा. तुम्ही म्हणालात, मला मासेमारी शिकवू नकोस."

पोरगी आता लग्न होऊन ताकायामाला होती, तिला स्वतःचं मूल होतं. तोकुजीनं राखेत रेघ ओढली आणि पुसली.

त्या आठवड्यात मात्सुएनं माशी बांधली. डब्यातला सगळ्यात लहान गळ घेतला. पहिला प्रश्न वजनाचा होता. मासा तळाला असेल तर माशीही तळाला गेली पाहिजे, आणि लव नि पीस तर पाण्यावर तरंगायची. सहकारी भांडाराच्या कोपऱ्यात एक बंद पडलेला रेडिओ धूळ खात होता. तिनं भांडारवाल्याला विचारून रेडिओच्या पोटातलं केसासारख्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणलं. गळाच्या दांडीवर तारेचे एकाला एक लागून वेढे दिले. त्यावर शिवणाचा काळा दोरा, एकच थर, शेपटाकडे निमुळता. डोक्यापाशी रानकोंबडीच्या पंखाच्या आतल्या बाजूचं मऊ करडं पीस, दोनच वेढे. नेच्याची लव नाही, चमक नाही, काही नाही. गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि ती तळहातावर ठेवून तोकुजीपुढं धरली. तांदळाच्या दाण्याएवढी होती.

तोकुजीनं चष्मा शोधून लावला. "ही माशी आहे की उंदराची लेंडी?"

"तुमच्यासाठी नाही बांधली."

"पीस आणखी घाल. भरगच्च दिसू दे."

"थंडीतला किडा भरगच्च नसतो. दोनच वेढे. तुमचे बाबा असते तर त्यांनी दीड म्हटलं असतं."

तोकुजीनं चष्मा काढून ठेवला. म्हातारे खरंच तसं म्हणाले असते.

मग गळाची काठी धरायला शिकणं आलं. अंगणातला बर्फ दाबून तिनं जागा केली. तोकुजी दारात गोधडी गुंडाळून, पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवून बसला. बांबूची काठी, काठीएवढीच लांब घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी, टोकाला हातभर तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा. रीळ नाही, काही नाही. बर्फात तिनं एक तांबडं लोणच्याचं मडकं ठेवलं होतं, माशी त्यात पडली पाहिजे.

"मुसळ धरलंयस का हातात? अंगठा वर. वर, वर ठेव. मागं थांब. थांब म्हटलं ना, दोरी मागं सरळ व्हायच्या आधीच कशाला पुढं मारतेस? घाई कसली आहे?"

"सहा वाजता मला सराईत पोचायचंय."

"मग काय, मासे थांबतील."

पलीकडच्या खिडकीतून ओशिमे बघत होती. ती विधवा होती, तोकुजी तिच्याच छपरावरून पडला म्हणून पहिले कित्येक दिवस तिनं या घरी तोंड दाखवलं नव्हतं. आता कुतूहलानं तिची लाज गिळली. "मात्सुए, तू नदीवर जाणार? डोंगरदेवी रुसेल हो. तिला बायका चालत नाहीत."

"तिच्याशी आजवर पुरुषच बोलत आलेत," मात्सुए म्हणाली. "बाई दिसली तर बरंच वाटेल बिचारीला."

दोरी मागं सरळ होईपर्यंत थांबायला तिला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दहातल्या तीन वेळा माशी मडक्यात पडली. तोकुजी म्हणाला, "ठीक." त्याच्या तोंडचं 'ठीक' म्हणजे मोठी बक्षिसीच.

मार्चच्या पाच तारखेला ती निघाली. पायात गवताचे बूट, त्याखाली बर्फात रुतू नये म्हणून वेताच्या चकत्या, पाठीवर करंडी. सराईतलं सकाळचं काम आटोपून ती थेट करवतीच्या गिरणीखालच्या डोहावर गेली. दोन्ही कड्यांच्या मधून त्या डोहावर अकरा ते दोन एवढाच वेळ ऊन उतरतं. नदी निळीकाळी होती, काठाला बर्फाचे ओठ. पहिल्या तासात घोड्याच्या केसांची दोरी भिजून गोठली आणि सळईसारखी ताठ झाली. ती दोरी तोंडात धरून मऊ करायची, दोनदा फेकायची, पुन्हा तोंडात. बोटं आधी दुखली, मग दुखेनाशी झाली. त्याचं तिला जास्त भय वाटलं.

संध्याकाळी तोकुजीनं विचारलं, "किती?"

"दोन."

त्यानं चकित होऊन पाहिलं. "मासे?"

"माश्या. झाडाला लटकल्यात."

दुसऱ्या दिवशी ती बर्फाच्या ओठावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेली. काठी सोडली नाही, पण घरी पोचेपर्यंत गोठून पत्र्यासारखे झालेले कपडे खडखड वाजत होते. तोकुजीनं काठीच्या आधारानं उठून आगटीत लाकडं घातली आणि मग तो चिडला.

"बस झालं. उद्या जायचं नाही. मेलीस तर मला कोण बघणार?"

"ओशिमे बघेल. तिला तुमचं ऋणच आहे."

"थट्टा करू नकोस. पाण्यातलं तुला काय कळतं?"

"मी घसरले, तुम्हीही घसरलात. माझं हाड शाबूत आहे."

हे बोलू नये ते बोलून गेली, हे तिला लगेच कळलं. तोकुजी खाली बसला. तिनं कपडे बदलले, पाय गरम पाण्यात घातले. "चुकलं माझं," असं म्हणायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात तोकुजीच बोलू लागला. राखेकडे बघत, हळू आवाजात.

"तू डोहाच्या मधोमध टाकतेस का?"

"हो."

"तिथं नाही. तो पालथ्या होडीसारखा धोंडा आहे ना, त्याच्या खालच्या अंगाला पाणी थबकतं. वीतभर रुंद पट्टा. हिवाळ्यात ते तिथं असतात, नाकाला शेपटी लावून. धोंड्याच्या वर दोन हात टाक, बुडू दे. उन्हाळ्यात मासा माशीकडे येतो. आत्ता माशीनंच त्याच्या तोंडापाशी गेलं पाहिजे. एकदा गेली, त्यानं नाही घेतली, तर पुन्हा तिथंच. वीस वेळा, तीस वेळा, तिथंच."

"घेतली हे कळायचं कसं? पाण्याखाली दिसत नाही."

"दोरी थबकते. इतकंच. थबकली की मनगट उचल."

"आणि नुसतीच दगडाला अडकली असेल तर?"

"तर समज दगड पकडलास. उचलायचं मात्र दर वेळी."

इतकी वाक्यं त्यानं महिनाभरात सलग बोलली नव्हती. मात्सुए पाय पुसत ऐकत राहिली.

मधला एक दिवस बर्फ पडत होता, गेली नाही. आठ तारखेला आकाश स्वच्छ होतं. डोहापाशी पोचली तर काठच्या बर्फावर ते काळे किडे निघाले होते, शेकड्यांनी, कुणी तीळ सांडावेत तसे. ती वाकून बघत राहिली. तिची माशी त्यांच्यापेक्षा थोडी जाड होती. तिनं नखानं पिसाचे दोन-चार तंतू खुडले.

पालथा धोंडा तिला सापडला. त्याच्या वर दोन हात टाकली. पहिल्या दहा वेळा दोरी वाहत्या पाण्यात ओढली गेली. मग ती गुडघ्यावर बसली, काठी उंच धरली, म्हणजे पाण्यात फक्त तंगूस उरला. आता माशी पाण्याच्याच संथ चालीनं जाऊ लागली. मोजणं तिनं सोडून दिलं होतं. एकदा दोरी थबकली, तिनं मनगट उचललं, तो दगड होता. पुन्हा थबकली, पुन्हा दगड. तिसऱ्यांदा थबकली तेव्हा तिला वाटलं दगडच, तरी उचललं, आणि दगड चालू लागला.

ओढाताण फारशी झाली नाही. थंड पाण्यातला मासा जोर करत नाही, जड होऊन बसतो. तिनं काठी मागं टेकवली, दोरी हातानं ओढली आणि त्याला बर्फावर घेतलं. वीतभर लांब, हिवाळ्यानं काळवंडलेला, पोट आत गेलेलं. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात तिची माशी. मात्सुए बर्फात बसून राहिली. तिला कुणालातरी सांगायचं होतं, आणि तिथं कुणीही नव्हतं. "हं," ती माशाला म्हणाली, "झालं बाबा तुझं."

त्याच दिवशी आणखी एक मिळाला.

घरी तिनं करंडी तोकुजीपुढं ठेवली. त्यानं दोन्ही मासे बाहेर काढले, हातावर तोलले. मग म्हणाला, "सुरी दे." एवढ्या वर्षांत मासा साफ करायला त्यानं कधी सुरी मागितली नव्हती. त्यानं पोट चिरलं, आतली पिशवी बशीत पिळली आणि बशी दिव्याखाली धरली. काळे किडे. लगदा झालेला, पण पाय वेगळे दिसत होते. तो चष्मा पुसून पुन्हा बघत होता. चाळीस वर्षं त्या नदीत काढलेल्या माणसाला आपण काय काय बघितलं नाही हे दिसलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मात्सुएनं त्या दिवशी पाहिलं. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचं त्याला कळू नये म्हणून ती भात बघायला उठली.

विषुवापर्यंत नऊ झाले. बर्फात पुरून ठेवलेले. सुट्टीच्या आदल्या दिवशी तिनं ते शिझुनोबाईंपुढं मांडले. बाईंनी एकेक उलटून पाहिला.

"हडकुळे आहेत ग."

"मार्चचे आहेत, मालकीणबाई."

"आणि काळे. बारा माणसांना नऊ." बाई विचारात पडल्या. खरं सांगायचं तर त्यांनी खालच्या गावाहून तळ्यातले बारा आणूनच ठेवले होते, एका मापाचे, गुबगुबीत. जेवणात तेच वाढले गेले. मात्सुएचे मासे निखाऱ्यावर कोरडे होईपर्यंत भाजले, मातीच्या मोठ्या भांड्यांत ठेवले आणि वरून कढत साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली. ती भांडी हातोहात फिरली. मंडळींनी जेवणाबद्दल एक शब्द काढला नाही, त्या साकेबद्दल मात्र रात्री झोपेपर्यंत बोलत होती. मात्सुएनं पडद्यामागून दोन्ही ऐकलं.

त्या मंडळीत कुरागाने नावाचे एक दातांचे डॉक्टर होते, साठीचे, नदीवेडे. मार्चमध्ये पिसांच्या माशीवर नऊ मासे हे त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बर्फ तुडवत घरीच आले.

"तोकुजीसान, नदीवर तुमच्या घरच्या बाईमाणूस गेल्या होत्या असं कळलं. शाबास त्यांची. पण माशी तुमची. ती बघायला आलोय."

मात्सुए चहा ठेवत होती. तोकुजीनं मान खाजवली. सवयच ती. "जमतं आपलं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी माशी भिंगाखाली धरली, तारेबद्दल विचारलं, पिसाबद्दल विचारलं. मग खिशातून रुमालात गुंडाळलेला एक नवा कोरा गळ काढून तोकुजीपुढं धरला. "एक बांधून दाखवता? बघून शिकेन."

तोकुजीनं गळ घेतला. घेतला, आणि तो त्याच्या दोन जाड बोटांत तसाच राहिला. मात्सुएनं त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होताना पाहिल्या. तिला वाटलं होतं, असा दिवस आला तर आपल्याला गंमत वाटेल. ती हातातली किटली ठेवून पुढं आली.

"त्यांची बोटं दवाखान्यापासून बधिर आहेत," ती म्हणाली. "मी बांधते. ते सांगतील तसं." आणि तिनं गळ त्याच्या बोटांतून काढून घेतला.

तारेचे वेढे, काळा दोरा, करडं पीस. दोऱ्याचं टोक दातात, म्हणून तिला बोलायचं नव्हतंच. तोकुजीनं काहीच सांगितलं नाही. चार-पाच मिनिटांत माशी झाली. डॉक्टरांनी ती टोपीत खोवली, चहा घेतला, आभार मानले आणि निघाले.

ते बर्फाच्या पायऱ्या चढून गल्लीत पोचले असतील नसतील, तोकुजी काठी टेकत उठला. दार उघडून थंडी आत येऊ देत उभा राहिला.

"ओ डॉक्टरसाहेब."

डॉक्टर वळले.

"बोटं ठीक आहेत माझी. मला बांधता येत नाही. कधीच आलं नाही. हीच बांधते. सगळ्याच, तुम्ही नागोयाला नेल्यात त्यासुद्धा. तेहतीस वर्षं झाली."

पलीकडची खिडकी सरकल्याचा आवाज आला. डॉक्टर टोपी काढून, माशीसकट, दाराच्या दिशेनं वाकले. तोकुजीच्या दिशेनं नव्हे, त्याच्या मागं किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या दिशेनं.

दार लागल्यावर मात्सुए म्हणाली, "ओशिमेनं ऐकलं. आता संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"होऊ दे."

"काय गरज होती?"

"पाय दुखतोय," तोकुजी म्हणाला, "बसू दे मला." आणि तो बसला. ती त्याच्याकडे पाठ करून कप विसळत राहिली, कारण डोळे भरले होते आणि ते त्याला दाखवायची तिला सवय नव्हती.

सगळं चांगलंच झालं असं नाही. जूनपासून सराईत तळ्यातला मासा रोज येऊ लागला. शिझुनोबाईंनी मात्सुएला सांगितलं, पाहुण्यांनी मुद्दाम मागितला तरच नदीचा घेऊ. मागणारे वर्षाला कमी कमी होत गेले. तोकुजी घोड्याच्या केसांच्या दोऱ्या वळू लागला. ते काम बसून करता येत होतं आणि त्याला येतही होतं. तो वळे, ती बांधे, आणि कुरागाने डॉक्टरांच्या ओळखीनं दोन्ही मिळून नागोयाच्या एका दुकानात जात. माशीच्या कागदी पाकिटावर दुकानदारानं विचारून नाव घातलं, मात्सुएचं. सहकारी भांडारवाल्यानं एक पाकीट मागून घेऊन गल्ल्याच्या मागं चिकटवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला की तार आमच्या रेडिओतली.

दर मार्चला ती नदीवर जात राहिली. अकरा वर्षं गेली. पहिल्या वर्षानंतर तोकुजी पुलापर्यंत येऊ लागला. पुलाच्या कठड्याला टेकून तो वरून सूचना ओरडायचा, आणि पाण्याच्या आवाजात तिला त्यातली एकही ऐकू यायची नाही. ती मान डोलवायची. घरी गेल्यावर तो म्हणे, "बघ, मी सांगितलं तसं केलंस म्हणून मिळाला," आणि ती म्हणे, "हो ना." दुपारचा स्वयंपाकही आता त्याच्याकडे आला होता. भात बरा करायचा, बाकीचं खाण्यालायक असायचं.

बाराव्या वर्षी फेब्रुवारीत ती आगटीपाशी माश्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "यंदा मी नाही जाणार. गुडघ्यांना थंडी सोसत नाही."

तोकुजी दोरी वळत होता. "किती बांधल्यास?"

"सत्तर."

"नागोयावाल्याला पन्नासच हव्यात."

"वीस ओशिमेच्या सुनेला. ती जाणार म्हणते. उद्या अंगणात काठी धरायला शिकायला येणारे."

तोकुजीनं दोरीला गाठ मारली, ओढून पाहिली. "दहाला ये म्हणावं," तो म्हणाला. "त्याआधी अंगणात ऊन नसतं."